कारण लिहून ठेवावे

सरकारी कचेरीतील फाइलीस दोन अंगे असतात. एका अंगास आलेली-गेलेली पत्रे लावलेली असतात, तर दुसऱ्या अंगास हिरवट कागदांवरील टिपणे. पत्रांवरून काय घडले ते कळते. टिपणांवरून ते का घडले ते कळते. कारकुनाच्या व्यवसायास लोक हसतात, आणि त्यात हसण्याजोगे पुष्कळ आहे हे आम्ही स्वतः कारकून असल्यामुळे अधिक जाणतो. परंतु हे ‘का’ लिहून ठेवण्याची सवय मोलाची आहे, असे आमचे मत अलीकडे दृढ होत चालले आहे. आणि नवल असे की, ते दृढ झाले ते फाइलींमुळे नव्हे, संकेतस्थळामुळे.

दिल्लीतील ज्या केंद्रीय कचेरीत आम्ही नोकरी करतो, तिच्या संकेतस्थळाची देखरेख नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. विज्ञानाची पदवी पदरी होती आणि एचटीएमएल आम्ही हौसेने शिकलो होतो, एवढीच आमची पात्रता. या नऊ वर्षांत तीन एजन्सी आल्या आणि गेल्या. निविदा निघते, सर्वांत कमी दराची स्वीकारली जाते, आणि एके दिवशी पाठीला लॅपटॉपच्या पिशव्या लावून चार तरुण दाखल होतात. मुले हुशार असतात, अदबशीर असतात, आणि पगार बेताचा असल्यामुळे वर्षाच्या आत दुसरीकडे निघून जातात. पुढची तुकडी येते ती जुने काम पाहून मान हलविते, आणि हे सारे नव्याने करावे लागेल असे सांगते. नवी चौकट, नवी अवजारे, नवा रंग!

अवजारांचा आम्हांस तिटकारा नाही. परंतु त्यांचे आयुष्य किती, हे पाहून ठेवलेले बरे. एके काळी संकेतस्थळांवरील चित्रे फ्लॅशच्या बळावर नाचत असत; ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार संपला आणि तो नाच थांबला. २०१६ च्या मार्च महिन्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अवघ्या अकरा ओळींची एक संहिता तिच्या कर्त्याने सार्वजनिक भांडारातून काढून घेतली, आणि तिच्यावर विसंबलेले जगभरचे हजारो प्रकल्प काही काळ अडून बसले. उलट, जिनीव्हाजवळील सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जगापुढे ठेवलेले पहिले संकेतस्थळ २०१३ मध्ये मूळ पत्त्यावर पुन्हा बसविण्यात आले, तेव्हा ते नव्या ब्राउझरातही विनातक्रार उघडले. साधे असते ते टिकते. पण एजन्सीला पैसे मिळतात ते नवे उभारण्याचे, टिकविण्याचे नव्हेत.

आमच्या शाखेतील एक सहकारी जन्मापासून अंध आहेत. संगणकावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरच्या साहाय्याने ते परिपत्रके स्वतः वाचतात. ‘एच’ ही कळ दाबीत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जातात, ते आमच्या डोळ्यांपेक्षा लवकर. तिसऱ्या एजन्सीने नवे संकेतस्थळ सुरू केले, त्याचा छोटासा समारंभ झाला, पेढे वाटले गेले, आणि दुसऱ्या दिवशी ते आमच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, “जरा पढ़ दीजिए.” सहा वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून आम्ही ऐकले नव्हते. पेढ्याची गोडी तेथेच संपली.

आम्ही जुनी व नवी संहिता शेजारी ठेवून पाहिली. जुन्या पानांत प्रत्येक चित्रामागे त्याचे शब्दांत वर्णन होते, मथळे क्रमवार होते, बटणे खरी बटणे होती. नव्या पानांत बटणासारखे रंगविलेले नुसते चौकोन होते. डोळसास ते बटण वाटे, यंत्रास नव्हे. जुन्या एजन्सीतील एका मुलीने दोन दुपारी आमच्या सहकाऱ्याजवळ बसून त्या ओळी लिहिल्या होत्या. पुढे ती बंगळूरास गेली, आणि त्या ओळींचे कारणही तिच्याबरोबर गेले. पडद्यावर काहीच न दाखविणाऱ्या ओळी नव्या मुलाने अडगळ म्हणून काढल्या. त्यास दोष देववत नाही. त्या कशासाठी आहेत हे कोठेच लिहिलेले नव्हते.

सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत, आणि ती पाळावीत असे एक वाक्य आमच्या निविदेतही होते. परंतु दुरुस्ती मागताच ती करारात बसत नाही असे उत्तर आले. पाच महिने पत्रे गेली-आली. अखेर वेगळे पैसे मोजून बटणे पुन्हा बटणे झाली. पाच महिने एक पदवीधर माणूस स्वतःच्या बदलीचे आणि भविष्यनिर्वाह निधीचे कागद दुसऱ्याकडून वाचवून घेत होता, याची नोंद त्या पत्रव्यवहारात कोठेही नाही.

तेव्हा कारकुनास जे करता येते ते आम्ही केले. टिपण मांडले. पुढील प्रत्येक करारात दोन अटी असाव्यात: केलेल्या प्रत्येक निर्णयाचे कारण एका ओळीत लिहून ती वही कचेरीच्या ताब्यात द्यावी, आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी स्क्रीन रीडर वापरणाऱ्या सहकाऱ्याने नेमून दिलेली पाच कामे कोणाच्याही मदतीवाचून पुरी करून पाहावीत. टिपण चार टेबलांवरून फिरले, त्यातील दोन विशेषणे गळाली, आणि ते मंजूर झाले.

एजन्सी बदलावयाची ती बदलेलच, अवजारेही बदलतील. त्याविषयी आमची तक्रार नाही. मात्र ती वही आता सुरू झाली आहे. दुरुस्तीस आलेल्या मुलाने, आम्ही न सांगता, तिच्या पहिल्याच पानावर लिहिले आहे: ‘या ओळी काढू नयेत. त्या दिसत नाहीत, पण ऐकू येतात.’