हॅट या शब्दास अनावृत पत्र

प्रिय हॅट,

इंग्रजी शिकणाऱ्या चिनी मुलाला तू सुरुवातीच्या धड्यांतच भेटतेस. हॅट म्हणजे 'माओत्झ'. कॅपलाही माओत्झच म्हणतात, पण तो फरक सरावाने कळतो. खरी अडचण तू वाक्प्रचारांत शिरलीस की येते. तिथे शिक्षक यादी हातात देतात आणि पाठ करा म्हणतात. या यादीवर माझा राग आहे.

कुणाच्या कर्तबगारीला दाद द्यायची तर इंग्रज म्हणतो, मी हॅट काढतो. जुन्या चिनी दरबारात मात्र टोपी काढणं म्हणजे अपराध कबूल करणं. मान होता तो टोपी डोक्यावर नीट असण्यात. विसाव्या वर्षी मुलाला समारंभाने टोपी घालत, मग तो कर्ता पुरुष. कन्फ्यूशिअसचा शिष्य त्झलू इ.स.पू. 480 मध्ये वेई राज्यातल्या बंडाळीत लढत होता. वार बसला आणि त्याच्या टोपीचे बंद तुटले. सभ्य माणसाने बोडक्या डोक्याने मरू नये, म्हणून त्याने तशातही ते बंद पुन्हा बांधले, आणि मेला. ज्यांच्या पूर्वजांत त्झलू आहे, त्यांना तुझी दाद चटकन उमगली नाही तर त्यांचं काय चुकलं?

अलीकडचं तर याहून जड आहे. सांस्कृतिक क्रांतीत शिक्षकांना कागदाच्या उंच टोप्या घालून मिरवलं, वर नाव आणि 'गुन्हा' लिहून. माणसावर ठपक्याचा शिक्का मारण्याला चिनी लोक आजही टोपी चढवणं म्हणतात. टोपी उतरली की सुटका: 2020 मध्ये देशातल्या सगळ्या 832 गरीब काउंटींची 'गरिबीची टोपी' उतरल्याचं सरकारने जाहीर केलं.

आम्हा मराठी माणसांना हे समजायला जड जाऊ नये. मराठेशाहीतल्या आज्ञापत्रात तुझ्या मुलखातले लोक 'टोपीकर' आहेत आणि आमच्याकडे टोपी घालणं म्हणजे फसवणं.

तुझी हॅट ट्रिक चीनमध्ये छान रुळली, हे मात्र आवर्जून सांगतो. 1858 मध्ये शेफील्डला एच. एच. स्टीफनसनने ओळीने तीन बळी घेतले, तेव्हा वर्गणी काढून त्याला टोपी दिली. चिनीत तिचं 'माओत्झ शीफा' झालं, म्हणजे टोपीची जादू. क्रिकेट कधी न पाहिलेला मुलगाही फुटबॉलमधल्या तीन गोलांना तेच म्हणतो, आणि त्याला ते शोभतं.

तेव्हा तुझ्या शिक्षकांना एवढं सांग: यादीआधी मुलांना त्यांच्या टोप्यांबद्दल बोलू द्या. आणि सेंट पॅट्रिकच्या दिवशी, म्हणजे आयरिश लोकांच्या हिरव्या सणाला, वर्गात हौसेने हिरव्या टोप्या वाटू नका. चिनी माणसाच्या डोक्यावर हिरवी टोपी म्हणजे त्याची बायको परक्याकडे जाते, असा अर्थ होतो.

तुझा,
एक मराठी वाचक