दम कोंडलेला व्हॅक्यूम

लंडनमधल्या भाड्याच्या घरांत बहुधा भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट असते. त्यापुढे केरसुणीचे काही चालत नाही, म्हणून नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाच्या पहिल्या खरेदीत व्हॅक्यूम क्लीनर असतोच. काही महिन्यांत ‘हा ओढतच नाही’ ही तक्रारही सुरू होते.

यंत्राचा जन्म याच देशातला. ह्युबर्ट सेसिल बूथने १९०१ साली त्याचे पेटंट घेतले. ते धूड घोडागाडीवरून येऊन रस्त्यात उभे राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात शिरत. आकार आटला, तत्त्व तेच राहिले: पंखा हवा बाहेर फेकतो, आतला दाब घटतो आणि बाहेरची हवा धुळीसकट आत घुसते. त्यामुळे ओढ कमी झाली की मोटारीवर संशय घेण्याआधी हवेची वाट तपासावी. यंत्र अगदीच निपचित असेल तर मात्र सुरुवात प्लगपासून. ब्रिटिश प्लगच्या पोटात फ्यूज असतो; तो उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घालावा. तोही लगेच उडाला, तर दोष वायरीत किंवा मोटारीत आहे.

कोणतीही तपासणी प्लग काढूनच करावी. ओढ पाहण्यापुरते यंत्र चालू करावे. नळी काढून यंत्राच्या तोंडाशी तळहात धरला आणि तिथे जोर लागला, तर अडथळा नळीत किंवा पुढच्या ब्रशात आहे. नळीत वरून नाणे सोडावे. ते खाली पडले नाही तर बोळा सापडलाच. तोंडाशीही जोर नसेल तर भरलेली पिशवी किंवा तुंबलेला फिल्टर.

फिल्टरचा मोठा शत्रू बारीक पूड. दिवाळीनंतर दारातली रांगोळी व्हॅक्यूमने ओढण्याचा मोह अनेक घरांत होतो. दगडाची ती भुकटी फिल्टरची छिद्रे बुजवते, पिठाचेही तेच. दोन्ही आधी सुपलीत भरून घ्यावीत. धुण्याजोगा फिल्टर साध्या गार पाण्यात धुवावा आणि पूर्ण वाळवावा. उत्पादक बहुधा चोवीस तास सांगतात, पण लंडनच्या हिवाळ्यात तेवढे पुरत नाहीत आणि हीटरवर ठेवला तर तो वाकडा होऊ शकतो. दुसरा फिल्टर जवळ ठेवणे हाच शहाणपणा. दमट फिल्टर बसवला की घरभर कुबट वास सुटतो.

ब्रशाच्या रुळाला लांब केस घट्ट गुंडाळले जातात. ते कात्रीने रुळाच्या लांबीने कापून ओढावेत. मोटार नेहमीसारखी वाजते, पण रूळ फिरत नाही आणि जळक्या रबराचा वास येतो, तेव्हा पट्टा तुटलेला किंवा घसरत असतो. त्याच मॉडेलचा पट्टा आणून बसवणे घरी जमते.

काम चालू असताना यंत्र तापून बंद पडले आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाले, तर ते बरे झाले असे समजू नये. मोटारीत शिरणारी हवा अडल्याने तापरोधक स्विचने ते थांबवलेले असते. तो अडथळा काढला नाही तर मोटार जळते. मोटारीतून ठिणग्या उडत असतील तर बहुधा कार्बन ब्रश झिजलेले असतात. काही मॉडेलांत ते बदलता येतात, स्वस्त बंदिस्त मोटारींत नाही.

नवा घेताना वॅट पाहण्याची सवय सोडावी. २०१७ पासून युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्येही ९०० वॅटची मर्यादा आहे. आणि वॅट म्हणजे यंत्र खाते ती वीज, त्याची ओढ नव्हे.

बिनवायरीचे यंत्र थांबत-थांबत धडधडत असेल तर तीही हवा अडल्याची खूण असते. पूर्ण चार्ज होऊनही काही मिनिटांत दमले तर बॅटरी संपत आली आहे. बॅटरी बहुधा बदलता येते. जुनी घरच्या कचऱ्यात टाकू नये, लिथियमने कचऱ्याच्या गाड्यांत आगी लागतात. ती कौन्सिलच्या पुनर्वापर केंद्रात द्यावी.