पेरात उतरलेली गोडी

कोयता बुडख्याला लागला की ऊस आवाज देतो. कच्चा असला तर ओल्या लाकडासारखा दबका, आणि पिकलेला असला तर टणक, जवळजवळ धातूसारखा. माझे आजोबा बांधावर आमच्याकडे पाठ करून बसायचे आणि आम्ही तोडलेल्या दोन-चार उसांचा नुसता आवाज ऐकायचे. मग म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या अजून पंधरा दिस." कासुर्डीच्या आमच्या रानात तेव्हा पूर्वहंगामी ऊस असे. एका अंगाला पुणे-सोलापूर रस्त्याची घरघर, दुसऱ्या अंगाला लांबवर भुलेश्वराचा डोंगर, आणि मध्ये पाठमोऱ्या बसलेल्या माणसाचा कान.

आवाजावर त्यांचं भागत नसे. मग ते ऊस खायला घेत, पण शेंड्याकडून. आम्ही पोरं बुडख्याच्या कांड्यावर झडप घालायचो, कारण गोडी तिथे आधी येते. ऊस खालून वर पिकत जातो, साखर पेरापेरानं शेंड्याकडे चढते. त्यामुळे बुडखा गोड लागला म्हणून ऊस पिकला असं होत नाही. शेंड्याखालचं कांडं अळणी आहे की त्यालाही गोडी आली आहे, हे पाहायचं असतं. पुढे वडिलांनी रिफ्रॅक्टोमीटर आणला. रसाचा थेंब काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरायचं आणि निळी-पांढरी रेघ कोणत्या आकड्यावर आहे ते वाचायचं. ब्रिक्स अठरा-वीसच्या पुढे आणि शेंड्याचा आकडा बुडख्याच्या जवळपास आला, की ऊस तयार. म्हणजे आजोबांची जीभ जे करत होती तेच. पण आजोबा एक गोष्ट जास्त विचारायचे: पाणी कधी तोडलं? कालव्याचं आवर्तन नुकतंच येऊन गेलं असेल तर ऊस पाणी पितो आणि रस पातळ होतो. यंत्र त्या दिवशीचा थेंब वाचतं. त्या थेंबात मागच्या तीन आठवड्यांतलं किती पाणी आहे, हे ज्याने दारं धरली त्यालाच ठाऊक असतं.

पाहण्याची ही कला मला सगळ्यात जास्त ज्वारीत दिसली. डोंगराकडच्या जिरायत तुकड्यात मालदांडी असायची. ज्वारी पोटरीत येते, निसवते, फुलोऱ्यात येते, मग दाणा चिकात भरतो. हुरड्याचा दाणा नखाने दाबला की दूध नुसतं उडता कामा नये, ते दाट, लोण्याकडे झुकलेलं हवं. उडालं तर आगटीत कणीस भाजून हाताशी सालपटंच येतात. आणि नख उमटलंच नाही, तर हुरड्याचे दिवस गेले. मधले दिवस फार तर आठ-दहा. आजी कणसं मोडायला जाताना कुणाला बरोबर घ्यायची नाही. एका ताटाशी थांबायची, कणसाच्या मधला एक दाणा काढायची, दाबायची, पुढे जायची. तोच दाणा पुढे पूर्ण पिकतो तेव्हा त्याच्या बुडाशी काळा ठिपका येतो. कृषी विद्यापीठाच्या पुस्तकात हे मी फार उशिरा वाचलं. घरात तो ठिपका सगळ्यांना माहीत होता.

याच माणसांच्या मुलखात एकेकाळी आणखी एका पिकाकडे असंच निरखून पाहिलं जायचं. भीमा ओलांडली की तेव्हाचा नगर जिल्हा. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड ज्या भागांत होई, त्यांत अहमदनगरचं नाव ठळक होतं. परवान्याने, सरकारच्या हिशोबात, बागायती रानात. १८९३ साली ब्रिटिश सरकारने भांग आणि गांजा यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. १,१९३ साक्षी झाल्या, अहवालाचे सात खंड झाले. नशेचं बरंवाईट हा त्याचा मुख्य विषय. मला मात्र त्यात शेतकऱ्याचा डोळा दिसतो. गांजाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात. नर वेळेवर ओळखून उपटले नाहीत तर मादीत बी धरतं, आणि बी धरलं की राळ घटते. म्हणजे पीक हाताशी यायच्या कितीतरी आधी, फुलं नीट उमलायच्याही आधी, एकेका झाडापुढे थांबायचं. बंगालात नौगावला हे काम करायला पोद्दार नावाचा खास जाणकार बोलावत. गंमत म्हणजे खेडूत नराला मादी आणि मादीला नर म्हणत, आणि युरोपातल्या भांगेच्या शेतकऱ्यांनीही जुन्या काळी हीच अदलाबदल केली होती. बळकट, उशिरापर्यंत उभं राहणारं झाड म्हणजे नर, असं दोन्हीकडच्या माणसांना वाटलं असावं.

मग दिवस लहान होत जातात, फुलांतले पांढरे तंतू तपकिरी पडतात, राळेचे बारीक थेंब आधी काचेसारखे, नंतर दुधी, नंतर मधाच्या रंगाचे होतात. दाण्यातला चीक, उसातला रस आणि ही राळ, तिन्ही गोष्टी पातळपणाकडून दाटपणाकडेच जातात. पाहणाऱ्याने मधला क्षण गाठायचा.

१९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि हे पीक शेतकऱ्याच्या वहीतून गेलं. या कायद्याची व्याख्याही फुलोऱ्यावरच नजर ठेवून आहे: गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे किंवा फळांचे शेंडे, शेंडे सोबत नसतील तर नुसतं पान आणि बी त्यात धरत नाहीत. लागवडीच्या शिक्षेला मात्र झाड किती पिकलंय याचं देणंघेणं नाही. दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते, उसाच्या आड लावलेली झाडं सापडली, इतकी झाडं, इतके किलो. मुळांसकट, ओल्या पाल्यासकट वजन. ती बातमी वाचताना मला त्या नशेची ओढ वाटत नाही. तरण्या पोरांची तिने केलेली हालत मी पाहिली आहे. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. चोरून लावलेलं झाड पिकण्याची वाट पाहत कुणी उभं राहत नाही. कुत्रं भुंकलं, मोटारसायकल दोनदा वळून गेली, की ते रातोरात कापलं जातं. तिथे वेळ भीती ठरवते.

आणि उसाची वेळ? तीही आता पीक ठरवत नाही, हे मला एका हंगामात पुरतं कळलं. जात होती को ८६०३२. पाडेगावच्या संशोधन केंद्राने १९९६ साली ती दिली, आणि आमच्या पट्ट्यातल्या निम्म्या घरांची लग्नकार्यं तिच्यावर झाली असतील. साखर कारखान्याकडे नोंद वेळेवर केली होती. नोव्हेंबरात तुरा दिसला. तुरा म्हणजे पांढरं, रेशमी, वाऱ्यावर हलणारं फूल. रस्त्यावरून जाणारे गाडी थांबवून फोटो काढतात. घरात मात्र त्याच दिवसापासून दिवस मोजायला लागतात. दीड-दोन महिने ऊस तग धरतो, मग आतून दशी पडते, कांडं भेंडासारखं पोकळ होत जातं. जानेवारी गेला. तोडणीची टोळी येईना. मुकादमाला फोन केला की उद्या, कारखान्याच्या चिटबॉयला विचारलं की पुढच्या आठवड्यात, गटकार्यालयात गेलं की तुमच्याआधी अजून एवढ्या नोंदी. मार्चच्या शेवटी बीडकडचे आठ कोयते, म्हणजे ऊस तोडणारी आठ जोडपी, आले. बिचारी दमलेली माणसं, त्यांच्या बायका पहाटे तीनपासून वाकलेल्या. त्यांना काय बोलणार? कोयता लागला आणि आवाज आला तो पोकळ, कोरड्या बांबूचा. आजोबा तेव्हा नव्हते. त्यांना तो आवाज ऐकावा लागला नाही, एवढंच मनात आलं. वजनात किती घट आली ते मी कुणाला सांगत नाही.

त्या वर्षापासून थोडा ऊस मी गुऱ्हाळाला घालतो. भाव मिळेल न मिळेल, पण कधी तोडायचा ते माझ्या हातात राहतं. यवत-कासुर्डीच्या अंगाला गुऱ्हाळं पुष्कळ, आणि काहिलीवर उभी असलेली माणसं बरीच उत्तर प्रदेशातली. आमच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या पन्नाशीचा असेल. मळी काढून झाल्यावर रस सोन्यासारखा उसळायला लागतो, मग बुडबुडे लहान आणि जड होतात. तो थर्मामीटर लावत नाही, पण ११८ अंशांच्या आसपास उतरवतो, हे मी एकदा स्वतः मोजून पाहिलं आहे. गार पाण्याच्या भांड्यात काहिलीतला घट्ट रस टाकायचा, पाण्यातच बोटांनी गोळी वळायची आणि भांड्याच्या कडेवर आपटायची.

गेल्या माघात त्याने ती गोळी माझ्या तळहातावर ठेवली. गरम होती, अजून किंचित चिकटत होती. मी ती कडेवर आपटली. आवाज आला, पण मऊ. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. तो काही न बोलता चुलवाणाकडे वळला आणि जळव्याला हात करून अजून चिपाड टाकायला सांगितलं.