अकरा पायऱ्या

गेली पाच वर्षे आमच्या घरात बांधकाम चालू होते. वाळू नाही, सिमेंट नाही, गवंड्यांची हाकाटी नाही. पण पसारा मात्र खऱ्या बांधकामाला लाजवील असा. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचे कपटे, न्हाणीघराच्या दारात डिंकाची बाटली, आणि एकदा तर माझ्या उशीखाली आरोग्य केंद्राचे छप्पर! माझी पुतणी वास्तुकलेच्या महाविद्यालयात शिकायला म्हणून पुण्यास आमच्याकडे राहायला आली, आणि त्या दिवसापासून आमचे घर सार्वजनिक झाले.

मी मराठीचा प्राध्यापक. माझ्या धंद्याला फळा, खडू आणि आवाज एवढे भांडवल पुरते. त्यामुळे या विद्येचा मला सुरुवातीला अचंबाच वाटे. अभ्यासक्रम पाच वर्षांचा, म्हणजे दहा सत्रांचा; आणि प्रत्येक सत्रात निदान एक इमारत योजायची. माझी समजूत अशी, की ही मुलगी बंगले काढील, गच्चीवर बाग काढील, झालेच तर आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याविषयी चार सूचना करील. पण तिच्या वाट्याला, किंवा तिच्या आवडीला म्हणा, आल्या त्या सगळ्या दहा जणांच्या वास्तू. पहिल्या वर्षी बसथांबा, दुसऱ्या वर्षी अंगणवाडी आणि प्राथमिक आरोग्य केंद्र, तिसऱ्या वर्षी भाजीमंडई, चौथ्या वर्षी नाट्यगृह. जिथे कुणाचेच घर नसते आणि सगळ्यांनाच जावे लागते, अशा या जागा.

बसथांब्याचेच घ्या. चार खांब आणि वर पत्रा, यात योजायचे काय, असे मी तिला विचारले. ती मला आमच्याच कोपऱ्यावरच्या थांब्यापाशी घेऊन गेली. एप्रिलची दुपार, तीनचा सुमार. थांब्याच्या छपराखाली एकही माणूस नव्हता. सगळे उतारू शेजारच्या विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक उभे होते. सावली वीतभर रुंद, म्हणून रांगही शिस्तीची! “थांब्याचं तोंड पश्चिमेला आहे, काका,” ती म्हणाली. “तिसऱ्या प्रहरी ऊन सरळ आत येतं आणि छपराची सावली मागच्या गटारावर पडते. पत्रा आहे, पण तो गटाराला.” त्या थांब्यावर मी सात वर्षे उभा राहिलो आहे. घाम पुसला आहे, महानगरपालिकेला शिव्या दिल्या आहेत. पण सूर्य कुठे आहे हे पाहायचे मला कधी सुचले नव्हते.

मंडईच्या वेळी ती सलग तीन दिवस पहाटे उठून महात्मा फुले मंडईत गेली. १८८६ साली उघडलेली ती वास्तू पूर्वी रे मार्केट म्हणून ओळखली जाई. तिचा अष्टकोनी मनोरा मी शेकडो वेळा पाहिला असेल. पण पुतणी मनोरा पाहायला गेलीच नव्हती. ती टेप घेऊन ओटे मोजत होती. विकणारा उंच ओट्यावर बसतो, घेणारा खाली उभा राहतो, त्यामुळे दोघांची नजर समोरासमोर येते. कुणाला वाकावे लागत नाही. “भाव करायचा तर डोळे एका पातळीवर हवेत,” असे तिने मला ऐकवले. भाजी आणायला जाऊन मी तेवढे कधी शिकलो नव्हतो. मी फक्त भाव करून हरत आलो होतो.

मग सहली सुरू झाल्या. अहमदाबादला जाऊन ती साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय पाहून आली. चार्ल्स कोरिया यांची ती वास्तू १९६३ सालची. सहा मीटर लांब-रुंद अशा चौकोनी खोल्या, विटांचे खांब, वर कौले, खिडक्यांना काच नाही, लाकडी पट्ट्यांची झडप; काही चौकोन बंद, काही उघडे, आणि त्यांच्या मधोमध पाणी. “तिथं कुणी मोठ्यानं बोलत नाही,” ती सांगत होती, “आणि ‘शांतता राखा’ अशी पाटी लावण्याची गरजच वाटत नाही.” कानपूरच्या आय. आय. टी.चे नकाशे तिने भिंतीवर चिकटवले, तेव्हा मात्र माझा मराठी कान टवकारला. त्या संस्थेचा आराखडा अच्युत कानविंदे यांचा, आणि कानविंदे म्हणजे १९१६ साली आचऱ्याला जन्मलेले आपले कोकणचे. संस्थेचे पहिले संचालक पु. का. केळकर, तिथल्या ग्रंथालयाला आज त्यांचेच नाव आहे. हे ग्रंथालय वसाहतीच्या मध्यभागी, आणि उन्हाची झळ लागू नये म्हणून इमारतींना जोडणाऱ्या छायेच्या वाटा. एवढे ऐकल्यावर मी त्या नकाशाखाली उभा राहून पाहुण्यांना माहिती देऊ लागलो!

तरी पण माझ्या मनात एक किंतु होताच, आणि एका रात्री तो तोंडून निसटला. दिवाणखान्यात नाट्यगृह पसरलेले, पाय ठेवायला जागा नाही, मी म्हणालो, “अगं, इतक्या रात्री जागतेस, पण यातली एक तरी इमारत कधी उभी राहणार आहे का?”

तिने वर न पाहता विचारले, “तुमची मुलं परीक्षेत निबंध लिहितात, ते कुठं छापून येतात, काका?”

मी मुकाट्याने झोपायला गेलो.

पाचव्या वर्षी शेवटचा मोठा प्रकल्प असतो. जागा आणि विषय ज्याचा त्याने निवडायचा. तिने आमच्या गावचे वाचनालय निवडले, आणि मी मनातून फुलून गेलो. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे १८४०, पुण्याचे १८४८. आमचे त्या मानाने फारच धाकटे. पण १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला, अनुदान सुरू झाले, आणि तालुक्याच्या त्या गावात ते तग धरून राहिले. माझे वडील तिथे बावीस वर्षे मानद कार्यवाह होते. माझे वाचन तिथले, माझे मराठी तिथले. इतकेच काय, त्या वाचनालयाच्या दगडी पायऱ्यांवर मी एक ललित लेखही लिहिला होता. त्याचे नाव ‘अकरा पायऱ्या’. एकेक पायरी म्हणजे एकेक पुस्तक, अशी त्यात कल्पना होती. लोकांना ती आवडली होती. खोटे कशाला सांगू, मलाही फार आवडली होती.

दसऱ्याच्या सुटीत आम्ही दोघे गावी गेलो. माझी आई तिथेच असते, वय त्र्याहत्तर. पुतणीने पहिल्या दिवशी पायऱ्या मोजल्या. माझा लेख तिने वाचला होता, पण त्यात पायरीची उंची दिलेली नव्हती. ती निघाली आठ इंच. सार्वजनिक इमारतीत सहा इंचांच्या वर जाऊ नये असा दंडक. कठडा नाहीच. “इतकं उंच जोतं कशाला घातलं असेल?” तिने विचारले. याचे उत्तर मला ठाऊक होते. गावाचा ओढा बाजारपेठेतून जातो. पावसाळ्यात तो फुगला की पाणी पार चौकापर्यंत येते. पुस्तके भिजू नयेत म्हणून जुन्या लोकांनी वाचनालय असे उंच नेऊन ठेवले. तिने ते वहीत टिपून घेतले. “म्हणजे जोतं खाली आणता येणार नाही,” ती पुटपुटली. “पुस्तकं वरच हवीत. आता माणसं कशी वर न्यायची ते पाहायचं.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती समोरच्या पिंपळाच्या पारावर वही घेऊन बसली आणि कोण कोण येते ते टिपू लागली. दोन तासांत बायका आल्या तीन. त्यांतल्या दोघी पायऱ्यांखालीच थांबल्या. पुस्तक बदलायला लहान मुले वर गेली. रात्री जेवताना तिने सहज म्हणून आईला विचारले, “आजी, वाचनालयात तुझी नेहमीची जागा कुठली होती गं?”

“माझी जागा?” आई हसली. “तू आज बसली होतीस तीच. पारावर. हे आत, मी बाहेर.”

“आत कधी गेलीच नाहीस?”

“नाही बाई.”

मी घास घेता घेता थांबलो. आई वाचते, हे मी जन्मापासून पाहत आलो आहे. कंदिलाच्या, दिव्याच्या, आता चाळिशीच्या आधाराने ती सतत वाचते. ती आत कधी गेलीच नाही, हे कसे शक्य आहे? मी विचारले, “आई, कुणी येऊ नको म्हटलं होतं का?”

“कुणी नको म्हटलं नव्हतं,” आई म्हणाली. “ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. आत सगळी पुरुषमंडळी पेपर घेऊन बसलेली. त्यांतून त्या पायऱ्या. नऊवारीत, कडेवर पोर घेऊन, धरायला काही नाही. पुढे तू मोठा झालास, तूच पुस्तक घेऊन पळत वर जायचास. मग गुडघे गेले.” आणि आमटी वाढता वाढता ती पुढे म्हणाली, “पुस्तकं चांगलीच आणायचे हो हे. पण मी जन्मभर दुसऱ्यानं निवडलेलंच वाचलं.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तशी असती तर मला उत्तर तरी देता आले असते. मला माझा तो लेख आठवत होता. अकरा पायऱ्या धावत चढणारा मुलगा त्यात होता. वर पोहोचल्यावर येणारा जुन्या कागदाचा वास होता. टेबलाशी बसलेले वडील होते. खाली पारावर बसलेली बाई त्यात नव्हती. मी तिच्यासाठीच वर धावत होतो आणि तीच माझ्या नजरेतून सुटली होती. भाषा निर्दोष, शैली प्रसन्न, आणि लेखाच्या जोत्याशी माझी आई बसलेली!

पुतणी मात्र हिशेब करीत होती. चाकाच्या खुर्चीला चढता यावे असा उतार करायचा, तर एकास बारा हे प्रमाण धरतात. मला समजावे म्हणून तिने फूट-इंचांत सांगितले: “जितके इंच वर जायचं, काका, तितके फूट चालायचं.” अकरा पायऱ्या, प्रत्येकी आठ इंच; म्हणजे अठ्ठ्याऐंशी इंच. म्हणजेच अठ्ठ्याऐंशी फुटांची वाट. पटांगण साठच फुटांचे. तेव्हा वाट वळवायला हवी. तिने ती पिंपळाभोवती वळवली. दर तीस फुटांच्या आत एक सपाट विसावा, विसाव्यावर बाक, बाकाशेजारी नव्या पुस्तकांचे कपाट आणि बाजूने दोन उंचींवर कठडा. वरचा मोठ्यांसाठी, खालचा मुलांसाठी. वरपर्यंत चढवले नाही, तरी निदान पहिल्या विसाव्यावर माणूस वाचनालयात आलेला असेल, अशी ती योजना. पुरुषांना पायऱ्या तशाच ठेवल्या होत्या, धावणाऱ्या मुलांनाही.

मे महिन्यात परीक्षक बसले. बाहेरून आलेल्या एका गृहस्थांनी विचारले, की इमारतीपेक्षा उताराचाच थाट मोठा दिसतो, असे का? ती म्हणाली, “कारण इमारत पोहोचलेल्यांसाठी आहे.” उत्तर त्यांना आवडले की नाही कळले नाही; गुण मध्यम पडले. ती रात्री थोडी रडली आणि सकाळी उठून तिने पुठ्ठ्याचे ते वाचनालय आमच्या कपाटावर ठेवून दिले. नकाशे वाचनालयाच्या मंडळींना दाखवले, तेव्हा त्यांनी चहा पाजला, कौतुक केले आणि निधी आला की पाहू असे सांगितले. निधी यायला किती वर्षे लागतात, हे मानद कार्यवाहाच्या मुलाला कुणी सांगायला नको.

पण कठड्याला निधी लागत नाही. गावातल्या लोहाराला मी तिचा कागद दिला. मंडळींनी परवानगी दिली. आठवडाभरात दगडी पायऱ्यांच्या उजव्या अंगाला लोखंडी कठडा उभा राहिला. पाच वर्षांच्या त्या बांधकामातला प्रत्यक्षात आलेला भाग तेवढाच.

गेल्या महिन्यात मी आईला घेऊन गेलो. चौथ्या पायरीवर ती थांबली, आठवीवर थांबली. मी हात पुढे केला, तर तिने मान हलवून कठडाच धरला. वर गेल्यावर ग्रंथपालबाईंनी तिला सभासदाचा अर्ज दिला. तिने डोळ्यांना चष्मा लावून तो सावकाश भरला. मग ती कपाटांच्या रांगेत शिरली. मी मागोमाग जाऊ लागलो. चांगली पुस्तके कोणती ते सांगावे, हा माझा धंदाच. आईने वळून पाहिले आणि म्हणाली, “तू खाली बस. मी येते.”

मी अकरा पायऱ्या उतरून पारावर येऊन बसलो. पाऊण तास झाला. लोक वर जात होते, खाली येत होते. माझ्याकडे कुणी पाहिले नाही. पाराचा दगड सकाळच्या उन्हाने तापला होता, आणि वरच्या खिडक्यांतून आतले काहीच दिसत नव्हते.

अखेर ती आली. एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात पिशवी.

“कोणतं आणलंस गं?” मी विचारले.

आईने पिशवी पदराआड केली.

“आधी मी वाचते,” ती म्हणाली. “मग सांगेन.”