बोट लागली... पुढे काय?

क्रूझ बुक करताना आपण काय काय बघतो? केबिनला बाल्कनी आहे का, व्हेज जेवण मिळतं का, वाय-फायचे किती लावतात आणि ऑफिसात किती रजा टाकावी लागेल. सगळं जमलं की कार्ड स्वाइप! पण आठव्या दिवशी सकाळी हीच बोट तुम्हाला बॅगांसकट एका धक्क्यावर उतरवते आणि तिथून पुढच्या शहरात कसं जायचं, हा कॉलम मात्र कोराच राहिलेला असतो. आठवडाभर आयतं ताट, आयती खोली, आयती करमणूक आणि मग एकदम 'आपलं आपण बघा'!

त्यात ब्रोशरची भाषा वेगळीच. 'रोम'ची बोट रोमला जातच नाही. ती लागते चिविताव्हेक्कियाला, रोमपासून साधारण ७५ किलोमीटरवर. म्हणजे लोणावळ्याला उतरवून 'घ्या, मुंबई आली' म्हणण्यातला प्रकार. 'लंडन' म्हणजे बऱ्याचदा साउदॅम्प्टन. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, तिथून पॅरिस जवळपास २०० किलोमीटर. व्हेनिसची तर गंमतच. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना ज्युदेक्का कालव्यातून जायला बंदी झाली. त्यामुळे 'व्हेनिस'च्या कितीतरी क्रूझ आता राव्हेन्ना नाहीतर त्रिएस्तेला संपतात. राव्हेन्नाहून व्हेनिस म्हणजे बसने दोन-अडीच तास!

हे सगळं मला पाठ आहे, कारण मे २०२४ मध्ये मी आणि दादाने आई-बाबांना क्रूझवर नेलं. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. बोट चिविताव्हेक्कियाला संपणार होती आणि त्याच दिवशी आम्हाला फ्लॉरेन्स गाठायचं होतं. क्रूझच निवडली, कारण २०२३ मध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून तिने बाहेर पडणंच सोडलं होतं. कोल्हापूरचं लग्न नको, मैत्रिणींची सहल नको. "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो," हे पालुपद. बोटीवर एकदा बॅग उघडली की आठ दिवस बघायला नको, म्हणून ती कशीबशी तयार झाली. मला धास्ती होती ती शेवटच्या सकाळची. ती फसली असती, तर आई पुन्हा उंबरठा ओलांडणार नाही हे नक्की होतं.

एक्सेल विरुद्ध वही

दादा आयटीवाला. त्याची एक्सेल शीट तयारच होती. बोट पहाटे पाचला लागते, साडेसातची लोकल गाडी पकडायची, रोमच्या तेर्मिनी स्टेशनवर उतरायचं, १०:५०ची हायस्पीड 'फ्रेच्चारोस्सा', दीड तासात फ्लॉरेन्स. तिकीटही सगळ्यात स्वस्तातलं. झालं काम!

बाबा रिटायर्ड एसटी कंट्रोलर. उभी हयात स्टँडवर लोकांच्या चुकलेल्या गाड्या बघण्यात गेलेली. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "बोट पाचला लागते ते कळलं. तुझी आई धक्क्यावर किती वाजता उभी असेल, ते कुठे लिहिलंयस?"

दादा गप्प. मग बाबांनी त्यांची वही काढली. त्यांचा फंडा सोपा होता: वेळ गाडीची धरायची नाही, सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाची धरायची. आणि मुक्कामाला नेणारी शेवटची गाडी कधीच आपली समजायची नाही, तिच्या आधीची आपली.

मग आम्ही एकेक टप्पा तपासला. बोट लागली तरी बंदराची परवानगी मिळाल्याशिवाय कोणी उतरत नाही. मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच केबिनबाहेर ठेवायच्या, त्या सकाळी टर्मिनलवर मिळतात. उतरायचं ते ग्रुप नंबर पुकारला की. स्वतःच्या बॅगा स्वतः उचलणाऱ्यांना लवकर सोडतात, पण तो पर्याय आमच्यासाठी नव्हताच. शिवाय चिविताव्हेक्कियाचं बंदर अवाढव्य. तिथे शटल बस बंदराच्या दारापर्यंत नेते, स्टेशन त्याच्याही पुढे. तिथून रोम तासा-सव्वा तासाचं. लोकल गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या मशीनमध्ये पंच करायला विसरलात, तर वर दंड.

आणि इटलीत गेलात तर एक शब्द पाठच करून ठेवा: 'शोपेरो'. म्हणजे संप! रेल्वेचे संप तिथे आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ काही गाड्या चालवाव्याच लागतात. पण क्रूझवाले उतरून स्टेशनवर पोचेपर्यंत नऊ कधीच वाजून गेलेले असतात. म्हणून निघण्याच्या आठवड्यात संपाच्या तारखा बघणं मस्ट!

शेवटी ठरलं असं. धक्का ते तेर्मिनी व्हॅन, चौघांत दीडशे युरो. बाबांनी लगेच मनात नव्वदने गुणलं आणि त्यांचा चेहरा पडला. पण तीन ठिकाणी चढउतार वाचत होती, म्हणून त्यांनीच वहीत त्यापुढे टिकमार्क केली. पुढची फ्रेच्चारोस्सा १०:५०ची नाही, दीडच्या सुमाराची. तिकीट थोडं महाग, पण बदलता येणारं. स्वस्त तिकिटाची मेख अशी की ते बहुतेक वेळा त्याच गाडीपुरतं असतं. गाडी चुकली की पैसे गेले.

दादा कुरकुरला, "तेर्मिनीवर दोन तास काय करायचं?"

"बसायचं," बाबा म्हणाले.

आणि ती सकाळ

बोटीवर आई मजेत होती, पण तीन बंदरं तिने डेकवरूनच बघितली. चौथ्या दिवशी मी आग्रह करणं सोडलं. शेवटच्या रात्री तिने औषधं आणि एक जोडी कपडे हँडबॅगेत ठेवले आणि मोठ्या बॅगांना जुन्या साडीच्या लाल काठाच्या पट्ट्या बांधल्या. दादा हसला.

सकाळी आमचा नंबर आठला पुकारणार होते, पुकारला पावणेनऊला. टर्मिनलवर शेकडो काळ्या बॅगा. लोक वाकून वाकून टॅग वाचतायत! आमच्या तीन बॅगा लाल पट्टीमुळे लांबूनच दिसल्या. चौथी भलत्याच ग्रुपच्या रांगेत गेलेली, ती सापडेपर्यंत साडेनऊ. व्हॅनवाला पाटी घेऊन उभा होता. रोमच्या ट्रॅफिकमधून तेर्मिनीला पोचलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. १०:५० कधीच निघून गेली होती. दादाने घड्याळ बघितलं, बाबांनी दादाकडे बघितलं. कोणी काही बोललं नाही!

मग आम्ही खरंच बसलो. आईने पाय समोरच्या बॅगेवर ठेवले, पुण्याहून आणलेल्या उरलेल्या चकल्या काढल्या आणि तासभर येणारी-जाणारी माणसं न्याहाळली. नन्सचा घोळका, सायकल घेऊन चढणारा मुलगा, तिच्याच वयाची, काठी टेकत एकटी निघालेली एक बाई. आई त्या बाईकडे बराच वेळ बघत होती. ती 'खोळंबा' हा शब्द एकदाही बोलली नाही, कारण त्या दिवशी खोळंबा होण्यासारखं काही नव्हतंच. तिचा वेळ आधीच मोजून बाजूला ठेवलेला होता.

ऑफिसात आपण प्रोजेक्टला बफर ठेवतो, कारण क्लायंट महत्त्वाचा. घरच्यांसोबत निघताना मात्र प्रत्येक मिनिट कामी लावायचा अट्टहास, आणि मग मागे पडणाऱ्यावर चिडचिड. तेव्हा मंडळी, पुढच्या क्रूझला बाल्कनी बघा, बुफे बघा, पण त्या शेवटच्या सकाळचा कॉलम आधी भरा. आणि तो भरताना आपल्यातलं सगळ्यात सावकाश कोण चालतं, तिथून सुरुवात करा.

गाडीने फ्लॉरेन्स गाठायच्या आत आईने बाबांची वही मागून घेतली. नवीन पानावर लिहिलं, 'पिसा', आणि मला विचारलं, "इथून किती लांब गं?"

"रेल्वेने तासभर."

"मग उद्याची, मधली एक गाडी सोडून पुढची बघ."