वरणाचे पाणी आणि घट्ट घास

सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला आईच्या दुधाच्या जोडीने जे अन्न दिले जाते, त्याला बालआहारशास्त्रात पूरक आहार म्हणतात. मराठी घरांत ते वरचे अन्न म्हणून ओळखले जाते आणि उष्टावणाच्या दिवशी मामाच्या मांडीवर बसवून खिरीचे बोट चाटवले की त्याला आरंभ झाला असे मानले जाते. स्तनपान त्यानंतरही दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बाळाला अन्न कोणते द्यावे याची चर्चा घरोघरी भरपूर होते. ते किती घट्ट असावे याची मात्र फारशी होत नाही, आणि प्रस्तुत लेखिकेच्या अनुभवात सर्वांत महत्त्वाचा ठरला तो हाच प्रश्न.

लेखिकेच्या पहिल्या मुलीचे वरचे अन्न सुरू झाले तेव्हा आजेसासूबाईंनी ठरवलेला क्रम असा होता, की पहिला महिनाभर वरणाच्या वरचे निवळ पाणी आणि भाताची पेज, मग नाचणीची पातळ लापशी, आणि दात दिसू लागल्यावर खिचडी. घट्ट अन्न कोवळ्या पोटाला पचत नाही आणि घशात बसते, ही त्यामागची समजूत होती व ती निखळ मायेतून आलेली होती, हे आवर्जून सांगितले पाहिजे. तथापि बाळाच्या जठराची क्षमता वजनाच्या दर किलोमागे सुमारे 30 मिलिलिटर एवढीच असते, म्हणजे सात किलोच्या बाळाचे पोट साधारण 200 मिलिलिटरमध्ये भरते. सहा ते आठ महिन्यांच्या स्तनपान घेणाऱ्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाकाठी सुमारे 200 किलोकॅलरी ऊर्जा मिळावी लागते, आणि वरणाच्या पाण्यात डाळीचा अंश नाममात्र असल्यामुळे त्याने पोट भरते, भूक शमल्यासारखी दिसते, पण ही गरज भागत नाही.

म्हणून लेखिकेने वरणाचे पाणी वगळून तळाची शिजलेली मुगाची डाळच मऊ भातात कुस्करण्यास सुरुवात केली. घट्टपणाची कसोटी सोपी आहे: चमचा तिरका केला असता घास त्यावरून सहज ओघळून जाऊ नये. आजेसासूबाईंनी पहिल्या दिवशी "पोरीच्या घशात बसेल गं, पातळ कर" असे बजावले, परंतु डाळ तीच, तांदूळ तेच आणि पातेलेही तेच आहे हे पाहिल्यावर त्यांचा विरोध मावळला, आणि साजूक तुपाची धार तर त्यांनी स्वतःहूनच घातली. ही भर शास्त्रालाही मान्य होण्याजोगी होती, कारण चहाच्या एका चमच्याएवढ्या तुपातून सुमारे 45 किलोकॅलरी मिळतात आणि अन्नाचे आकारमान जवळजवळ वाढत नाही. नाचणीच्या बाबतीत तर परंपरेचीच बाजू बळकट ठरली. धान्याला मोड आणले की त्यात अमायलेज, म्हणजे पिष्टाचे विघटन करणारे विकर, तयार होते, आणि त्यामुळे लापशी घट्ट न होता तिच्यात अधिक पीठ मावते. मात्र गाळून काढलेल्या सत्त्वापेक्षा मोडाच्या नाचणीचे सबंध पीठ लेखिकेला अधिक योग्य वाटते, कारण गाळताना कोंड्याबरोबर खनिजांचाही काही भाग निघून जातो.

सुरुवातीच्या दिवसांत मुलगी प्रत्येक घास जिभेने बाहेर ढकलत असे, आणि घरात त्याचा अर्थ तिला तो आवडत नाही असा लावला गेला. वस्तुतः ती जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया असून ती हळूहळू ओसरते. शिवाय नवा पदार्थ स्वीकारण्यापूर्वी मुलाला तो आठ-दहा वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा चाखू द्यावा लागतो. घास घेताना तिला उबळ येई तेव्हा सगळे घाबरत, परंतु आवाज करत, खोकत घास पुढे आणणारे बाळ स्वतःचे रक्षण करत असते. आवाज बंद होणे आणि श्वास अडणे हे धोक्याचे लक्षण होय. या भीतीपोटी सगळे अन्न मिक्सरमधून काढण्याची प्रथा घातक आहे, असे लेखिकेचे ठाम मत आहे, कारण नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत गुठळीदार अन्न न मिळालेल्या मुलांमध्ये पुढे खाण्याच्या तक्रारी अधिक आढळतात. मुलीने तोंड फिरवले की वाटी बाजूला ठेवायची, हा नियम पाळणे घरातल्या मोठ्यांना सर्वांत जड गेले. घुटीतला मध मात्र वर्ष पूर्ण होईपर्यंत वर्ज्यच ठेवण्यात आला, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

घट्टपणाइतकीच दक्षता लोहाबाबत हवी. गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत साठलेले लोह बाळाला साधारण सहा महिने पुरते आणि आईच्या दुधात ते अल्प असते, त्यामुळे डाळभातावर लिंबाचे चार थेंब पिळणे, म्हणजे शोषणास मदत करणारे क जीवनसत्त्व पुरवणे, लाभदायक ठरते. तरीही तेवढ्याने भागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे वयाची 67 टक्के भारतीय मुले रक्तक्षयग्रस्त आढळली. याच वयोगटासाठी ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात लोह व फॉलिक ॲसिडचे द्रव औषध आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर देण्याची तरतूद आहे. बाळाला सहा महिने पूर्ण होताच पालकांनी आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात ते आवर्जून मागावे.