बाणाची लांबी

जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवरी कडे डोळ्यांपुढे उभे राहतात. मला मात्र या शहराबरोबर धनुष्यबाणही आठवतो. याच परिसरात १५६४ साली मोगल फौजेशी लढताना राणी दुर्गावती बाणांनी घायाळ झाली होती. आज तेथे राज्य तिरंदाजी अकादमी आहे. तेथे शिकलेल्या मुस्कान किरार हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारतीय महिला कंपाउंड संघातून रौप्यपदक मिळवले.

माझी भाची जबलपूरलाच तिरंदाजी शिकते. तिच्यासाठी आणलेले कार्बनचे नवे बाण तिच्या मापापेक्षा बरेच लांब होते. "मामा, माझ्या मैत्रिणीच्या बाणांएवढे कापून द्या ना. आखूड बाण हलका असतो, वेगाने जातो," ती म्हणाली. तिचे म्हणणे खोटे नव्हते; पण अपुरे होते. म्हणून आम्ही तिच्या प्रशिक्षकांकडे गेलो.

त्यांनी प्रथम करवतीला हात लावलाच नाही. तिला लक्ष्याकडे तोंड करून, लांब बाण लावून धनुष्य पूर्ण ओढायला सांगितले आणि बाजूला उभे राहून बाणावर खूण केली. बाण फार आखूड असेल, तर पूर्ण ओढ घेताना त्याचे टोक आधारावरून मागे घसरते. अशा वेळी प्रत्यंचा सुटली, तर तो बाण धनुष्य धरलेल्या हातातच घुसू शकतो. शिवाय दांडा कापला की तो अधिक ताठ होतो आणि त्याची उडण्याची रीत बदलते. मुलीचे वय वाढीचे. उद्या हात लांबतील. म्हणून त्यांनी खुणेपुढे दोन इंच जास्त राखले.

कापण्याचे कामही शिस्तीचे होते. कार्बनच्या दांड्याला दातेरी करवत चालत नाही, तंतू उसवतात. त्यासाठी वेगाने फिरणारी घर्षणाची पातळ चकती लागते. प्रशिक्षकांनी डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर धूळरोधक मुखपट्टी लावली, बाह्या आवरल्या. कार्बनची बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते आणि तिच्यातून वीजही वाहते. म्हणून यंत्राच्या तोंडाशी धूळ ओढून घेणारी नळी होती. चकतीने पूर्ण वेग घेतल्यावर त्यांनी दांडा हलकेच टेकवला आणि बोटांनी सावकाश गोल फिरवत कापला. जोर मुळीच लावला नाही. मग यंत्र बंद करून, कडा घासून त्यांनी प्रत्येक दांडा किंचित वाकवून तडा गेला आहे का ते पाहिले. तडकलेला बाण सुटताना फुटू शकतो. खाली पडलेली धूळ त्यांनी ओल्या फडक्याने टिपली.

भाचीला हा सारा उशीर आधी कंटाळवाणा वाटला. मला मात्र त्यात शिक्षणाचे मर्म दिसले. दांडा पुढे आणखी कापता येईल, पण कापलेला तुकडा कधीच जोडता येणार नाही. दुसऱ्याच्या मापाने घेतलेली घाई आपल्याच हाताला जखम करते. ज्याला शिकायचे आहे, त्याने आधी स्वतःचे माप नीट घ्यावे आणि वाढीसाठी थोडी जागा राखावी.